जॉबवर्कला दिलेला आवाज

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, औषधं, दिवाळीच्या सफाईत कोणत्या दिवशी कोणतं कपाट, सगळं लिहून ठेवते. घरचे हसतात. मागच्या वर्षी पाऊस सरता सरता मी एक अशी यादी केली, जशी पूर्वी कधी केली नव्हती. माझा राग कोणाकोणावर आहे, त्याची. राग इतका पसरला होता की तो कागदावर मांडल्याशिवाय त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. पहिल्या ओळीत स्टुडिओवाला होता. दुसऱ्या ओळीतही स्टुडिओवालाच होता.

त्या माणसाने आमच्या काकूंचा आवाज कुलपात घातला आणि चावी हरवली.

काकू माझ्या सख्ख्या नाहीत. रायपूरजवळच्या जुनवानीत आमच्या समोरच्या घरात राहतात. माहेर-सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं, शेतीवालं. काका इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. ते गेले, आता काकू मुलगा-सून-नातीबरोबर असतात. आमच्या महिला मंडळाची मी सेक्रेटरी, आणि काकू म्हणजे मंडळाचा गळा. भुलाबाई त्यांच्याशिवाय बसत नसे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना भुलाबाई कदाचित ठाऊक नसेल. भादव्याच्या पौर्णिमेला विदर्भातल्या घरांत भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडतात आणि कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. आमचे वडीलधारे प्लांटच्या नोकरीला इथे आले तेव्हा हे सोबत घेऊन आले. ज्वारीचे धांडे, म्हणजे ताटं, इथे मिळत नाहीत म्हणून मखर मक्याच्या धांड्यांचा होतो, धांडे जवळच्या उतई गावाहून येतात. बाकी सगळं तेच. गाणी संपली की घरची बाई झाकणाच्या डब्यात खिरापत घेऊन येते आणि डबा खडखड वाजवते. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. फुटाणे, शंकरपाळे, खोबरं, काही पण. ओळखलं तरी झाकण उघडतं, हरलं तरी उघडतं. झाकण लावून डबा परत आत गेला, असं मी एकाही घरी पाहिलेलं नाही.

काकूंची गाणी जुनी होती, पण जशीच्या तशी नव्हती. दर वर्षी त्या दोन-चार ओळी जोडायच्या. सासर-माहेर, वेणीफणी चालूच असायचं, आणि मध्येच प्लांटचा भोंगा यायचा:

भोंगा झाला, बाप आला,
डब्यात काय उरलं वो?

मुली खिदळायच्या. या मुली शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरी अर्धी हिंदी. वर्षाचा तेवढा एक महिना त्यांच्या तोंडात मराठी सलग बसायची, आणि ती काकूंच्या गळ्यातून यायची. म्हणून मंडळाने ठरवलं की ही गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवायची. सगळ्यांनी वर्गणी काढली.

स्टुडिओ मीच शोधला. मी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडकामाच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात स्टोअर सांभाळते. त्याच गल्लीत एका शेडच्या माडीवर हा स्टुडिओ होता. मालक आपल्याच बाजूचा, गोंदियाकडचा. "या ना ताई" म्हणून गोड बोलायचा. खाली ड्रिल मशीन चालायची, त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त सुट्टीच्या दिवशी. आम्ही काकूंना घेऊन गेलो. काकू इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या.

"आवाज रेकॉर्ड होते वो काकू, लुगडं नाई," कोणीतरी चिडवलं.

"मले ठाऊक हाये. पण मले तर दिसते ना, मी काय नेसली ते!"

सगळं झाल्यावर तो कम्प्युटरवर काहीतरी भरत होता. म्हणाला, "काकू, गाणे कोणाचे हायेत? नाव टाकावं लागते."

काकू हसल्या. "कोणाचे म्हंजे? भुलाबाईचे. कोणाचेच नाईत."

"मंग स्टुडिओचं टाकून देऊ का? जागा खाली ठेवली त पुढं जाऊ देत नाई हे."

"टाक ना बापा. तुले पुढं जायचं हाये ना, जा."

सगळ्या हसल्या. आमच्यात भुलाबाईचं गाणं "माझं" म्हणणारी बाई उद्धट ठरते. अर्ध्या ओळी स्वतः रचलेल्या असूनही काकूंच्या तोंडून तो शब्द निघाला नसता. त्याला हे माहीत होतं. तो आपल्यातलाच होता, त्याची आईसुद्धा भुलाबाई मांडत असणार. परक्याने विचारलं असतं आणि फसवलं असतं तर माझा राग अर्धाच राहिला असता.

आठवड्याने त्याने एक पेनड्राइव्ह दिला. त्यातली गाणी त्याच्याच प्रोग्राममध्ये उघडायची, आणि तीही एकाच कम्प्युटरवर. काकूंच्या मुलाच्या कम्प्युटरवर त्याने स्वतः येऊन ते बसवलं. मी म्हटलं, "मंडळात इतक्या बायका हायेत. सगळ्यांले एक एक द्यायची होती."

"कॉपी नाई होत ताई. लॉक हाये. अन् कोणी जुगाड करून कॉपी मारली त पोलीस केस होते, आत्ताच सांगून ठेवतो. आजकाल लई कडक झालं."

पोलीस हा शब्द ऐकून बायकांनी कॉपीचा विषय सोडला. नोकरदार घरं आमची. पोलीस दारात आला तर आधी शेजारी काय म्हणतील, मग प्लांटमध्ये काय म्हणतील. त्या दुपारी काकूंच्या घरी बसून सगळ्यांनी सगळी गाणी एकदा ऐकली, पुलाव खाल्ला आणि घरी गेल्या. आवाज त्या एका कम्प्युटरमध्ये राहिला.

पुढचं थोडक्यात सांगते. कम्प्युटर बिघडला. नवा आणला, तर पेनड्राइव्ह नवी चावी मागू लागला. स्टुडिओवाला म्हणाला, पेनड्राइव्हचं आता बंद, अल्बम आमच्या ॲपवर टाकला, दरमहा पैसे भरा आणि ऐका. म्हणजे काकूंनी काकूंचं गाणं भाड्याने ऐकायचं. गाण्याच्या आधी केसांच्या तेलाची जाहिरात. तरी भरले. त्याच काळात काकूंच्या घशात गाठ निघाली. रायपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. काकू वाचल्या. आवाज गेला तो गेलाच.

ऑपरेशननंतर आलेल्या कोजागिरीला मुलींनी ॲपवरचं गाणं स्पीकरवर लावून नाच केला. काकू पुढे खुर्चीत बसल्या होत्या, गळ्यावर रुमाल बांधून. मी फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि नागपूर-हैदराबादला गेलेल्या आमच्या लेकी-सुनांना दिसावा म्हणून इंटरनेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी सूचना आली. यातला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, म्हणून तो बंद केला आहे. व्हिडिओ उघडला तर मुली नाचताहेत, टाळ्या पडताहेत, आणि सगळं मुकं. पुढे खुर्चीत काकू, त्याही मुक्या.

दुसऱ्याच्या मालकीचा! खुर्चीत बसलेली बाई दुसरी, आणि हथखोजच्या माडीवरचा माणूस मालक!

मी फोन केला. "ते सिस्टम करते ताई, माह्या हातात नाई. पाहतो." त्याने कधी पाहिलं नाही. मग त्याचं ॲप चाललं नाही म्हणून त्याने तेही बंद केलं. माझा तो फोन पाण्यात पडून गेला. कोणाला काही वाटलं नाही, कारण काकू जिवंत आहेत, समोर आहेत, पाटीवर लिहून बोलतात, टोमणेसुद्धा पाटीवर लिहून मारतात. आपण काय गमावलं याचा हिशेब त्या वेळी कोणीच केला नाही.

तो हिशेब काकूंच्या नातीने मागितला. ऑपरेशन झालं तेव्हा ती आईच्या पोटात होती. मागच्या वर्षी चार वर्षांची झाली. एक दिवस संध्याकाळी काकू तिला घेऊन माझ्याकडे बसल्या होत्या. मी भाजी निवडत होते. पोरगी पाटीशी खेळत होती, मध्येच मला म्हणाली, "आंटी, दादी पहले बोलती थी क्या?"

"बोलत होती म्हंजे? गात होती! साऱ्या जुनवानीत आइकू जाये."

पोरगी खो-खो हसली. "झूठ! दादी की तो आवाज़ ही नहीं है."

काकूंनी तिच्या हातून पाटी घेतली. मला वाटलं, काहीतरी गंमत लिहितील. त्यांनी पोरीच्या रेघोट्या पुसल्या. मग लिहिलं, "तिले आइकव ना."

पोरीला अजून वाचता येत नव्हतं. ते तीन शब्द फक्त माझ्यासाठी होते.

"आइकवते काकू. भुलाबाई बसायच्या आधी," मी म्हटलं. माझी सवयच आहे, तारीख लावल्याशिवाय मला कामाला लागता येत नाही.

मी क्रमाने गेले. पेनड्राइव्ह काढला, कारखान्याच्या अकाउंट्सच्या मुलाला दाखवला. त्याने दोन दिवस खटपट केली आणि म्हणाला, मॅडम, ताला बहुत पक्का है. ॲप बंद. फोन मेला. उरला तो मुका व्हिडिओ. आवाज त्यात होता, खाली दाबून ठेवलेला. मालक म्हणवणाऱ्याने हरकत मागे घेतली की तो परत येणार होता. तसं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे पुन्हा हथखोजची तीच माडी.

जेवणाच्या सुट्टीत गेले. तो आता लग्नाचे व्हिडिओ करत होता. चहा मागवला. मी म्हटलं, "चहा राहू दे. काकूच्या गाण्याच्या साध्या फाइली दे, कुलूप नसलेल्या."

त्याने कम्प्युटर उघडला, शोधलं. फाइली होत्या. एकीवर क्लिक केलं. पडद्यावर चावी मागणारी चौकट आली. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"टाक ना चावी."

"चावी ते कंपनी देत होती ताई, लॉकवाली. ते कंपनीच बंद झाली."

"अन् कुलूप लावायच्या आधीचं?"

"डिस्क भरली होती... उडवलं."

मी त्या चौकटीकडे पाहिलं. ज्याच्या भीतीने आम्ही बायका इतकी वर्षं गप्प राहिलो, ते कुलूप हे. चोराच्या हाताला लागलं नाही, घरच्यांच्या हाताला लागलं नाही, आणि ज्याने लावलं तोही बाहेरच उभा. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"बरं. व्हिडिओवरची हरकत काढ. ते तरी तुह्या हातात हाये."

आता तो खुर्चीत मागे टेकला. "काढतो ना. पण मंडळाकडून लिहून पाहिजे, की गाणे आमच्या स्टुडिओचे हायेत, बोल अन् चाल सगळं, अन् मंडळाले आमी वापरायची परवानगी दिली. उद्या कोणी माह्यावरच केस टाकली त?"

"गाणे तुहे हायेत?"

"कागदावर त माहेच हायेत."

मी स्टोअरची बाई. माझा सगळा जन्म एका नियमावर चालला आहे, आणि हथखोजमध्ये तो नियम पोराटोरांना ठाऊक आहे. पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, लोखंडी प्लेट येते. आम्ही ती कापतो, भोकं पाडतो, वाकवतो, चलान लावून परत पाठवतो. त्याला जॉबवर्क म्हणतात. मेहनत आमची, तिचा दाम आम्ही घेतो. माल पार्टीचा. कापून उरलेला तुकडासुद्धा पार्टीला विचारल्याशिवाय भंगारात जात नाही. मी त्याला म्हटलं, "तुह्या खाली इतके वर्षं ड्रिल मशीन चालून राहिली. त्यानं कधी पार्टीच्या प्लेटीवर आपलं नाव कोरलं का? भोक मी पाडलं, म्हून प्लेट माही, असं म्हटलं का? आमी तुले आवाज जॉबवर्कले दिला होता. तुह्या कामाचे पैसे तू त्याच दिवशी घेतले. माल आमचा."

"डिजिटलमध्ये असं नसते ताई."

"तू सांग ना मंग कसं असते. सांग, आइकून राहिली मी."

तो म्हणाला, "तुमी लोकं फुकट वाटता, म्हून आमच्यासारख्यांचा धंदा बसते."

यावर मी घरी येऊन विचार केला, कारण रागात असले तरी समोरच्याचं खरं असेल ते मला वगळता येत नाही. कोणाचं गाणं उचलून विकलं तर ती चोरी. हजारो लोकांना वाटून त्याच्या पोटावर पाय दिला तर तीही चोरीच. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण विकत घेतलेलं लोणचं मी सासरी गेलेल्या लेकीला बरणीभर बांधून दिलं, तर लोणचेवाल्याने पोलीस आणावेत का? घरातल्या घरात, हातातून हातात जाणारी वस्तू आणि बाजारात जाणारी वस्तू यातला फरक आमच्याकडच्या शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतो. तो त्या कुलपाला कळत नव्हता. कुलपाला चोर आणि नात सारखेच. आणि इथे तर लोणचंही काकूंनीच घातलं होतं, याची फक्त बरणी होती!

तरीही मी वाकायला तयार होते, हे लिहायला हवं. पोरीला आवाज ऐकवायचा होता. चार ओळी खोट्या लिहून दिल्या तर काय जातं? मी काकूंकडे गेले, त्याची अट सांगितली. म्हटलं, "काकू, तुमी म्हणान तसं. सही केली त आजच आइकाले भेटते."

काकूंनी ऐकून घेतलं. पाटीवर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"आवाज माहा हाये. गाणे माहे नाईत. देऊ कशी?"

मी वाचलं. त्यांनी पुसून खाली आणखी लिहिलं, "माह्या आजीनं शिकवले. तिले काय सांगू, इकून टाकले मनून?"

नात मांडीवर होती. जिला ऐकवायचं तीच मांडीवर, आणि तरीही ही बाई नाही म्हणत होती. मला तेव्हा काकूंचासुद्धा राग आला. मग स्वतःच्या रागाचा राग आला. तशीच उठून घरी आले आणि आदळआपट करत भांडी घासली.

मंडळाची सभा भुलाबाईच्या तयारीसाठी होतीच. दुपारची वेळ, माझ्याच ओसरीवर. मखर, मातीची जोडी, कोणत्या दिवशी कोणाचं घर, हे सगळं ठरवून झालं. मग मी उभी राहिले आणि काकूंच्या आवाजाचं सगळं सांगितलं. चावीची चौकट, त्याची अट, पाटीवरचं उत्तर. शेवटी म्हटलं, "कोणाजवळ काही असन त सांगा. फोनवर, कशावरही. कसं का असेना."

सगळ्या जमिनीकडे पाहायला लागल्या. मला हे पाहणं ओळखू येतं. स्टोअरमध्ये पाना हरवला की मुलं असंच पाहतात.

"पोलीस-बिलीस काही येत नाई," मी म्हटलं. "आला त माह्या दारात येईन. सेक्रेटरी मी हाओ."

उतईच्या वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. धांडे दर वर्षी त्याच आणतात, त्यांची तीन एकर शेती आहे. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"ताई, मी सांगितलं त तुमी ओरडान."

"नाई ओरडत. सांगा."

"मंगा ओरडान."

"अवो वहिनी, बोला ना आता!"

"त्या दिवशी... काकूच्या घरी सगळ्या आइकत होतो ना पयल्यांदा. माहा फोन मी कम्प्युटरच्या मागं ठेवला होता. चालू करून. आमच्या लेकीले पाठवाची होती. पण तो पोलीस मनला होता, म्हून मी कोणाले बोलली नाई. लेकीलेबी नाई पाठवली."

"अन् आता कुठं हाये?"

"फोनच्या कार्डात हाये. कार्ड तांदळाच्या पिपात."

ओसरीवर एकदम गलका झाला. "पाहा पाहा, चोर आपल्यातच होती!" "अवो, पिपात कार्ड अन् आमाले मने मले फोनचं काही समजत नाई!" "सेक्रेटरीबाई, वहिनीचं पाप लिहून घ्या रजिस्टरात!" वहिनी हसत होत्या आणि रडतही होत्या. मी ओरडले, पण त्यांच्यावर नाही. मला आठवतं, मी खरंच मोठ्याने ओरडले की या बाईने स्वतःच्या मंडळाचं गाणं चोरल्यासारखं तांदळात पुरून ठेवलं, ही वेळ तिच्यावर कोणी आणली? उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कार्ड घेऊन आल्या. तांदळाची भुकटी अजून चिकटलेली होती. काकूंच्या घरी सून, मुलगा, नात, आम्ही दोघी. मी कार्ड लावलं.

आधी खुर्च्यांची खरखर. मग बायकांचा गोंधळ, पंख्याची घरघर. मग त्या सगळ्याच्या मागून काकूंचा आवाज, जरा दुरून आल्यासारखा, पण तोच. वरच्या पट्टीत थोडा फाटणारा. सून पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली. पोरगी आधी फोनकडे पाहत होती, मग दादीकडे, मग परत फोनकडे.

"भोंगा झाला, बाप आला," गाणं म्हणालं, आणि त्याच क्षणी रेकॉर्डिंगमध्येच स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी वाजली, लांब, कान फाडणारी. आणि तिच्यावरून काकूंचा आवाज, गाणारा नाही, बोलणारा: "अवो, कुकर बंद करा कोनी! भात शिजून राहिला का गारा?"

मग भाताला गारा, म्हणजे चिखल, म्हटल्यावर उसळलेलं बायकांचं हसणं, आणि मागे गाणं चालूच.

आम्ही तो दिवस विसरलो होतो. स्टुडिओच्या साफ, गुळगुळीत गाण्यात फक्त गाणं होतं. इथे काकू स्वतःच्याच गाण्यावर बोलत होत्या. "इथं श्वास तुटला माहा." "हे कडवं बरं आलं." "कोण वो ते खोकून राहिलं, मलेच खोकला चिकटवान, दिसते." गाणं गाणाऱ्या काकू आणि गाणं ऐकून बडबडणाऱ्या काकू, दोघी एकाच वेळी.

पोरगी उठली, दादीच्या गळ्याला, रुमालाच्या वर, हात लावला. "दादी, ये तू है?"

काकूंनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिल्या.

त्याच आठवड्यात मी सुट्टी टाकून बसले आणि मंडळातल्या प्रत्येकीला ते रेकॉर्डिंग दिलं. कार्डावर, फोनवर, जिला जसं हवं तसं. सोबत एक चिठ्ठी: आवाज काकूंचा. रेकॉर्डिंग उतईच्या वहिनींचं. गाणी आपल्या सगळ्यांची. लेकी-सुनांना, नातवंडांना, शेजारणीला द्या. विकू नका. वहिनींनी नाव टाकू नका म्हणून खूप विनवण्या केल्या. मी ऐकलं नाही. नाव न टाकल्याने काय होतं ते एकदा पाहून झालं होतं.

स्टुडिओवाल्याला मी काही लिहून दिलं नाही. त्या व्हिडिओवर मी माझीच उलट हरकत नोंदवली आहे. गाणारी बाई व्हिडिओत समोर बसलेली आहे, असं लिहिलं. उत्तर आलं, तुमचा मुद्दा दावेदाराकडे पाठवला आहे. म्हणजे चोर कोण ते चोरालाच विचारणार. मी दर महिन्याला परत लिहिते. माझ्या यादीत ते काम पहिल्या तारखेला असतं. व्हिडिओ अजून मुका आहे. माझा राग कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. रस्त्यात भेटला की तो "ताई" म्हणतो. मी चालत राहते.

भुलाबाई बसल्या. त्या खेपेला आमच्या ओसरीवर लहान मुली पुढे बसल्या होत्या, त्यात काकूंची नात. महिनाभर घरोघरी तेच रेकॉर्डिंग वाजत होतं, त्यामुळे गाणी सगळ्यांना पाठ. काकू मागे खुर्चीत, मांडीवर पाटी. मुलींनी सूर धरला, एकमेकींपेक्षा मोठ्याने.

"भोंगा झाला, बाप आला..."

आणि सगळ्या पोट्ट्या एकदम थांबल्या, ओठ गोल केले आणि जिवाच्या आकांताने शिट्टी मारली. मग काकूंच्या नातीने कमरेवर हात ठेवून, हुबेहूब त्याच ठसक्यात, सबंध मराठीत ओरडून सांगितलं, "अवो, कुकर बंद करा कोनी! भात शिजून राहिला का गारा?"

आणि मग सगळ्या मिळून पुढे, "डब्यात काय उरलं वो?"

त्यांना वाटत होतं, गाणं असंच आहे. आता ते असंच आहे.

मी वळून काकूंकडे पाहिलं. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी पाटीवर भराभर लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

"जाय, इचारून ये त्याले. कुकरबी त्याचाच हाये का?"